खिडकी कोणाच्या मालकीची? : डेस्कटॉप आज्ञावल्यांतील पार्श्वभूमीचे थ्रेड आणि आपले अध्यापन

बीजसंज्ञा : थ्रेड, संदेश-रांग, ग्राफिकल इंटरफेस, जावा स्विंग, डॉट नेट, प्रात्यक्षिक परीक्षा

प्रास्ताविक

संगणकशास्त्राच्या पदवी वर्गात ‘मल्टिथ्रेडिंग’ हे एक प्रकरण शिकविले जाते आणि ‘ग्राफिकल यूजर इंटरफेस’ हे दुसरे प्रकरण शिकविले जाते. पहिल्या प्रकरणात दोन-तीन थ्रेड आळीपाळीने पडद्यावर आकडे छापतात. दुसऱ्यात बटण दाबताच दोन संख्यांची बेरीज चौकटीत उमटते. दोन्ही प्रकरणांवर परीक्षेत स्वतंत्र प्रश्न येतात आणि विद्यार्थी दोहोंची उत्तरे बऱ्यापैकी लिहितात. परंतु बटण दाबल्यावर करावयाचे काम क्षणात संपणारे नसेल तर काय करावे, हा प्रश्न या दोन प्रकरणांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडून राहतो. नोकरीस लागलेल्या विद्यार्थ्यासमोर मात्र सर्वांत आधी हाच प्रश्न उभा राहतो.

प्रस्तुत लेखात या मधल्या जागेची चिकित्सा करावयाची आहे. प्रतिपादन थोडक्यात असे की, पार्श्वभूमीतील थ्रेड हा विषय आपल्याकडे वेगाचा विषय म्हणून शिकविला जातो. वस्तुतः तो मालकीचा विषय आहे. खिडकी कोणत्या थ्रेडच्या मालकीची, बाहेर झालेल्या कामाची वार्ता तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने यावी, आणि खिडकी मिटल्यावर त्या कामाचे काय व्हावे, हे प्रश्न ज्याने सोडविलेले नाहीत त्याला थ्रेड सुरू करता येणे हे कौशल्य नसून धोका आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक वाटतो. ‘थ्रेड’ साठी मराठीत ‘धागा’ हा शब्द वापरला जातो आणि तो अर्थवाहीही आहे. परंतु वर्गात, प्रयोगशाळेत आणि प्रश्नपत्रिकेत ‘थ्रेड’ हाच शब्द रुळलेला असल्यामुळे येथे तोच ठेवला आहे.

संदेशांची रांग

या विषयाचा आरंभ शोधण्यासाठी नागपूर परिसरातील अध्यापकाला फार दूर जावे लागत नाही. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावर देशातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या वाढल्या. २००० नंतरच्या दशकातील आवृत्त्यांत त्यांनी सी भाषेच्या या प्राथमिक पुस्तकास विंडोज आणि लिनक्स यांवरील प्रकरणे जोडली. आपल्या प्रयोगशाळा तेव्हा टर्बो सी च्या निळ्या पडद्यापुढे सरकलेल्या नव्हत्या, ही गोष्ट लक्षात घेता हे पाऊल धाडसाचे होते. डॉसमध्ये आज्ञावली प्रणालीस हाक मारते, तर विंडोजमध्ये घडलेल्या घटनेची वार्ता प्रणालीच संदेशरूपाने आज्ञावलीस देते, हा भेद त्या प्रकरणांत स्वच्छ मांडला आहे. रांगेतून एक संदेश उचलावयाचा, तो योग्य त्या फलनाकडे सोपवावयाचा आणि पुन्हा रांगेकडे वळावयाचे, ही दोन ओळींची पाळी तेथे उघडपणे छापलेली आहे. पुढे पडद्यावर चेंडू फिरविण्याचे उदाहरण येते. तेथे लेखकाने अखंड फिरणारे लूप न लिहिता टायमर वापरला आहे : ठरावीक अंतराने एक संदेश येतो, चेंडू थोडा सरकतो आणि नियंत्रण लगेच रांगेकडे परत जाते.

हा टायमर ही या विषयाची योग्य पहिली पायरी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. काम लहान तुकड्यांत करा आणि रांगेकडे परत या, ही शिस्त त्यात थ्रेडचे नावही न घेता येते. कानेटकर तेथून पुढे थ्रेडकडे जात नाहीत आणि सी च्या पहिल्या पुस्तकाकडून तशी अपेक्षा करणेही गैर आहे. दोष आहे तो नंतरच्या अभ्यासक्रमाचा. ‘व्हिज्युअल बेसिक’ आले आणि ती दोन ओळींची पाळी विद्यार्थ्याच्या नजरेआड गेली. बटणावर दोनदा क्लिक करा, उघडलेल्या जागेत आज्ञा लिहा, एवढेच शिक्षण उरले. आपण लिहिलेला मजकूर त्या पाळीच्या पोटात चालतो आणि तो संपेपर्यंत पाळी थांबलेली असते, हे त्याला सांगणारे कोणी राहिले नाही.

परिणाम कोठे दिसतो? प्रवेशाच्या दिवसांत शुल्क स्वीकारणाऱ्या कोणत्याही कार्यालयात दिसू शकेल. लिपिक ‘जतन करा’ हे बटण दाबतो. आज्ञावली दूरच्या सर्व्हरवर नोंद करण्यात गुंतते. या अवधीत रांगेतील संदेश कोणी उचलत नाही. खिडकी नव्याने रंगविली जात नाही, बटण दाबले गेले की नाही हेही कळत नाही. लिपिक पुन्हा दाबतो, मग तिसऱ्यांदा. विंडोजच्या नियमाप्रमाणे एखाद्या खिडकीने ५ सेकंद संदेश उचलले नाहीत तर ती निपचित पडली असे प्रणाली मानते. विंडोज एक्सपीपासून अशा खिडकीच्या जागी तिची एक फिकट प्रतिकृती मांडली जाते आणि शीर्षकात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ही अक्षरे येतात. परंतु त्या ५ सेकंदांच्या आत झालेले क्लिक नाहीसे झालेले नसतात. ते रांगेत उभे असतात. पहिली नोंद संपताच ते क्रमाने बाहेर पडतात आणि एका विद्यार्थ्याच्या नावे तीन पावत्या होतात. संध्याकाळी रोख जुळत नाही तेव्हा बोल लिपिकाला लागतो, किंवा फार तर यंत्र ‘स्लो’ आहे असे म्हटले जाते. आज्ञावली लिहिणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही.

यावर विद्यार्थी एक उपाय सुचवितात : काम सुरू होताच बटण निष्क्रिय करावे आणि काम संपताच सक्रिय करावे. उपाय सुचला याचा आनंद मानावा. परंतु काम त्याच थ्रेडवर चालणार असेल तर तो फसवा आहे. माउसचा क्लिक कोणत्या घटकास द्यावयाचा याचा निर्णय संदेश रांगेतून उचलताना होतो, क्लिक झाला त्या क्षणी नव्हे. बटण निष्क्रिय असताना झालेला क्लिक, बटण पुन्हा सक्रिय झाल्यावर उचलला जातो आणि लागू पडतो. वर्गात हे एकदा करून दाखविले तर रांग म्हणजे काय हे फळ्यावरच्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा अधिक पक्के बसते.

‘व्हिज्युअल बेसिक’ने दिलेला दुसरा उपाय ‘डूइव्हेंट्स’ हा होता. लांबलेल्या लूपमध्ये मध्येच ही आज्ञा लिहिली की रांगेतील संदेश तेवढ्यापुरते मार्गी लागतात आणि खिडकी जिवंत दिसते. परंतु मार्गी लागणाऱ्या संदेशांत त्याच बटणाचा दुसरा क्लिकही असतो. म्हणजे अर्धवट झालेल्या कामाच्या पोटात तेच काम पुन्हा आरंभापासून सुरू होते. ‘व्हिज्युअल बेसिक ६’च्या विकसन-साधनाचा आधार मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये थांबविला, तथापि ही आज्ञा डॉट नेटमध्येही आली आणि तिच्यासोबत सवयही आली. आजही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ती आढळते. तिची भलामण करणाऱ्या मार्गदर्शिकाही आढळतात. त्यांबद्दल अधिक न लिहिणे बरे.

वेगाचा गैरसमज

पाठ्यपुस्तकांत थ्रेडचे समर्थन बहुधा ‘काम जलद होते’ या शब्दांत केलेले असते. ई. बाळगुरुसामी यांच्या जावावरील सुपरिचित पुस्तकात थ्रेडचे प्रकरण स्वतंत्र आहे आणि ॲपलेट व ग्राफिक्सची प्रकरणे स्वतंत्र आहेत. थ्रेडच्या प्रकरणात अ, ब, क अशा तीन वर्गांचे थ्रेड आपापले आकडे छापतात आणि छपाईचा क्रम दर वेळी बदलू शकतो, हे दाखविले जाते. उदाहरण चुकीचे नाही. पण या थ्रेडना कोणाची वाट पाहावयाची नाही, कोणाला उत्तर द्यावयाचे नाही, आणि कोणी मध्येच ‘रद्द करा’ म्हणणार नाही. विद्यार्थ्याच्या मनावर ठसते ती केवळ शर्यत.

ज्या काळात आपल्या बहुतेक प्रयोगशाळांत पेंटियम जातीचे एकाच गाभ्याचे प्रक्रियक होते, त्या काळात हा समज प्रत्यक्ष प्रयोगाने खोडून काढता आला असता. एका गाभ्यावर निव्वळ गणिताचे काम दुसऱ्या थ्रेडकडे दिले तर ते जलद होत नाही. थ्रेड बदलण्याचा खर्च वाढून किंचित उशिराच होते. तरीही ते तिकडे द्यावयाचे, कारण तेवढ्या अवधीत खिडकी माणसाचे ऐकत राहते. म्हणजे लाभ यंत्राच्या वेगाचा नसून माणसाच्या प्रतीक्षेचा आहे. माणसाच्या प्रतीक्षेला मोजमापही आहे. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये संगणकाच्या प्रतिसाद-काळावर लिहिले आणि जेकब नील्सन यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात ३ मर्यादा नोंदविल्या : सुमारे ०.१ सेकंदापर्यंतचा प्रतिसाद तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, आणि १० सेकंदांपुढे लक्ष कामावरून उडते. शुल्काच्या खिडकीपाशी रांग लागलेली असताना १० सेकंद वाट पाहणारा लिपिक विरळाच.

आज बहुगाभा प्रक्रियक सर्वत्र असल्यामुळे वेगाचा मुद्दा अगदीच खोटा राहिलेला नाही, हे मान्य करावयास हवे. परंतु डेस्कटॉपवरील नित्याच्या आज्ञावल्यांत उशीर होतो तो बहुधा फाइल, छपाईयंत्र, जाळे किंवा विदागार यांची वाट पाहण्यात. तेथे गाभे चार असोत की आठ, वाट तेवढीच पाहावी लागते. ती खिडकीने पाहावी की दुसऱ्या कोणी, एवढाच प्रश्न उरतो.

एका मालकाचा नियम

जावाच्या इतिहासात या प्रश्नाची सर्वांत बोधप्रद कथा आहे आणि आपल्या वर्गांत ती सांगितली जात नाही. १९९६ मध्ये जावासोबत आलेला ‘एडब्ल्यूटी’ हा संच कोणत्याही थ्रेडने खिडकीस हात लावावा आणि काही बिघडू नये, अशा महत्त्वाकांक्षेने रचला होता. १९९८ च्या जावा १.२ मध्ये ‘स्विंग’ अंतर्भूत झाला आणि ही महत्त्वाकांक्षा सोडून दिली गेली. खिडकी आणि तिच्यातील घटक यांना घटना वाटणाऱ्या एकाच थ्रेडने हात लावावा, इतरांनी आपली विनंती ‘इन्व्होकलेटर’द्वारे त्याच्या रांगेत ठेवावी, असा नियम झाला. प्रारंभी त्यात सवलत होती : खिडकी पडद्यावर येण्यापूर्वी ती मुख्य थ्रेडवर उभारली तरी चालेल, असे सांगितले जाई. २००४ च्या सुमारास ‘सन’च्या मार्गदर्शिकेतून ही सवलतही गेली आणि उभारणीसुद्धा त्याच थ्रेडवर करावी असे ठरले.

याच वर्षी ‘सन’मधील ग्रॅहम हॅमिल्टन यांनी बहुथ्रेडी ग्राफिकल संच हे एक फसलेले स्वप्न आहे काय, या प्रश्नावर लेख लिहिला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा : वापरकर्त्याची घटना प्रणालीकडून वर आज्ञावलीकडे चढते, तर आज्ञावलीची ‘हे रंगव’ ही विनंती वरून खाली प्रणालीकडे उतरते. दोन्ही प्रवासांत कुलुपे घ्यावी लागतात आणि ती परस्परविरुद्ध क्रमाने घेतली जातात. एकाच्या हाती वरचे कुलूप, दुसऱ्याच्या हाती खालचे. दोघेही एकमेकांसाठी थांबलेले. ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या तासाला आपण ‘डेडलॉक’ शिकवितो तो हाच. अच्युत गोडबोले यांच्यासारख्यांच्या ग्रंथांतून तो विद्यार्थ्यास परिचितही असतो. पण तो तेथे छपाईयंत्र आणि टेपयंत्र यांच्या वाटपाचा प्रश्न म्हणून भेटतो. स्वतःच्या खिडकीत तो दबा धरून बसला आहे, हे कळत नाही.

कन्हान जंक्शनच्या परिसरातील विद्यार्थ्यास ही मांडणी समजावून सांगण्यासाठी दृष्टान्त शोधावा लागत नाही. कोळशाच्या साइडिंगवर वाघिणी भरण्याचे काम तासन्‌तास चालते आणि मुख्य मार्गावरील गाड्या त्यासाठी थांबत नाहीत. परंतु भरलेली मालगाडी मुख्य मार्गावर आणावयाची तर स्टेशनमास्तरची परवानगी लागते. चालकाने आपल्या मनाने ती रेटली तर काय होईल हे कोणास सांगावे लागत नाही. साइडिंग म्हणजे पार्श्वभूमीचा थ्रेड आणि मुख्य मार्ग म्हणजे खिडकीचा थ्रेड. दृष्टान्त एका ठिकाणी अपुरा पडतो, तेही सांगितले पाहिजे : रेल्वेत चूक झाली तर ती दिसते. स्विंगमध्ये परक्या थ्रेडने घटकास हात लावला तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. शंभरात नव्याण्णव वेळा आज्ञावली बिनबोभाट चालते. विद्यार्थी म्हणतो, “सर, चालते आहे की!” आणि त्या दिवशी त्याला खोटे ठरविणे कठीण असते.

या बाबतीत मायक्रोसॉफ्टचे वर्तन अधिक शिक्षकाचे आहे असे म्हणावेसे वाटते. डॉट नेटच्या २००५ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून, डीबगरखाली चालणाऱ्या आज्ञावलीत परक्या थ्रेडने घटकास हात लावताच अपवाद फेकला जातो. चूक केव्हातरी नव्हे, तर तेथेच आणि तत्काळ कळते. मात्र ही तपासणी बंद करण्याची एक ओळही उपलब्ध आहे आणि ती ओळ विद्यार्थ्यांत अतिशय लोकप्रिय आहे! लाल दिवा फोडला म्हणजे मार्ग मोकळा झाला, असे समजण्याचा हा प्रकार आहे. प्रकल्प-परीक्षणात ही एक ओळ दिसली तरी प्रश्न विचारले जावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

एका थ्रेडच्या मालकीचा हा नियम आज सार्वत्रिक आहे. जावाएफएक्समध्ये ‘रनलेटर’ आहे, अँड्रॉइडवर मुख्य थ्रेड आहे, पायथनच्या टीकेइंटरमध्ये ‘आफ्टर’ आहे. क्यूट या संचाने तर मालकी शब्दशः मानली आहे : तेथे प्रत्येक वस्तू कोणत्या ना कोणत्या थ्रेडची असते आणि दुसऱ्या थ्रेडवरून आलेला संकेत थेट न पोहोचता तिच्या थ्रेडच्या रांगेत जाऊन बसतो. संकल्पनेच्या दृष्टीने क्यूटची मांडणी सर्वांत स्वच्छ आहे. ती आपल्या अभ्यासक्रमांत फारशी का आली नाही याचे कारण गुणवत्तेत नसून सी++ च्या धास्तीत असावे.

सोयींची चिकित्सा

नियम कठोर असला की सोयी निर्माण होतात. ‘स्विंगवर्कर’ हा वर्ग प्रथम ‘सन’च्या मार्गदर्शिकेत उदाहरणादाखल आला आणि २००६ च्या जावा ६ मध्ये अधिकृत झाला. ‘बॅकग्राउंडवर्कर’ डॉट नेटच्या दुसऱ्या आवृत्तीत आला. दोहोंची वाटणी सारखीच आहे : एक फलन पार्श्वभूमीत चालते, एक प्रगतीची वार्ता आणते आणि एक शेवटी खिडकीच्या थ्रेडवर चालते. विद्यार्थ्यास पहिल्यांदा थ्रेड द्यावयाचा तर तो या चौकटीतच द्यावा. उघडा थ्रेड नंतर.

परंतु या सोयींच्या पोटात एक गंभीर उणीव आहे आणि पाठ्यक्रमातील उदाहरणे ती झाकतात. पार्श्वभूमीत झालेली चूक आपोआप वर येत नाही. स्विंगवर्करमध्ये ती ‘गेट’ हे फलन बोलाविल्यावरच बाहेर पडते. शेवटच्या फलनात ‘गेट’ न बोलाविता सरळ “नोंद यशस्वी” असा संदेश दाखविला, तर विदागार बंद असतानाही तो संदेश झळकतो. बॅकग्राउंडवर्करमध्ये चूक एका गुणधर्मात ठेवलेली असते आणि तो कोणी तपासला नाही तर ती तेथेच राहते. म्हणजे गोठलेली खिडकी निदान काहीतरी बिघडले आहे असे सांगत होती. ही नवी खिडकी हसतमुखाने खोटे बोलते. लिपिकाच्या दृष्टीने तीन पावत्यांपेक्षा हे अधिक वाईट. तीन पावत्या संध्याकाळी सापडतात. न झालेली नोंद विद्यार्थी परीक्षा-प्रवेशपत्र मागावयास येतो तेव्हा सापडते.

२०१२ मध्ये सी शार्पच्या पाचव्या आवृत्तीने ‘असिंक’ आणि ‘अवेट’ हे दोन शब्द दिले. मजकूर सरळ रेषेत लिहावा, वाट पाहण्याच्या जागी ‘अवेट’ लिहावे, खिडकी मोकळी राहते आणि पुढचा भाग आपोआप खिडकीच्या थ्रेडवर येतो. चुकीचा अपवादही सरळ मार्गाने परत येतो, हे तिचे मोठे श्रेय. ही रचना खरोखर सुंदर आहे. तथापि शब्द सोपे झाले की समज सैल होते. ‘असिंक’ लिहिले म्हणजे काम पार्श्वभूमीत गेले, हा समज जवळजवळ सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. जड गणिताचे लूप असिंक फलनात लिहिले तरी ते खिडकीच्याच थ्रेडवर चालते; त्यास बाहेर पाठविण्यासाठी ‘टास्क-रन’ स्पष्टपणे लिहावे लागते. दुसरी चूक याहून चमत्कारिक : खिडकीच्या थ्रेडवर ‘अवेट’ न करता कामाचा ‘रिझल्ट’ मागितला की खिडकी कामासाठी थांबते आणि कामाचा उरलेला भाग खिडकीच्या थ्रेडसाठी थांबतो. हॅमिल्टन यांच्या लेखातील दोन कुलुपे वेगळ्या वेशात पुन्हा भेटतात.

अलीकडे पदवी वर्गात पायथनने बरीच जागा घेतली आहे. तेथे एक वेगळाच गोंधळ आहे. पायथनच्या प्रचलित अंमलबजावणीत एका वेळी एकच थ्रेड आज्ञा चालवितो, म्हणून ‘पायथनमध्ये थ्रेडचा उपयोग नाही’ असे सरसकट शिकविले जाते. वेगाच्या दृष्टीने ते बहुतांशी खरे, परंतु खिडकीच्या दृष्टीने खोटे आहे. जाळ्याची किंवा फाइलची वाट पाहणारा थ्रेड ते सार्वत्रिक कुलूप सोडून देतो आणि खिडकी चालू राहते. वेगाचीच भाषा वापरल्यामुळे येथे उपयुक्त साधनच टाकून दिले जाते. २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत हे कुलूप नसलेली प्रायोगिक बांधणी आली आहे. तिच्यामुळे खिडकीच्या मालकीचा नियम बदलत नाही. २०२३ च्या जावा २१ मधील हलक्या आभासी थ्रेडनीही तो बदललेला नाही.

काम थांबविणे

थ्रेड सुरू करण्यास एक ओळ लागते. थांबविण्याविषयी मात्र पुस्तके मौन पाळतात, किंवा ‘स्टॉप’ हे फलन सांगून मोकळी होतात. जावातील ते फलन १९९८ मध्येच त्याज्य ठरविले गेले, कारण अर्धवट बदललेल्या विदेवरची कुलुपे ते उघडी टाकते. २०२३ च्या जावा २० पासून ते बोलाविले तर केवळ अपवाद मिळतो. डॉट नेटमधील ‘ॲबॉर्ट’ची गतही नव्या आवृत्त्यांत तीच झाली. दोन स्वतंत्र परंपरांनी सक्तीने थांबविण्याचा मार्ग सोडून द्यावा, ही गोष्ट प्रश्नपत्रिकेत यावयास हवी इतकी महत्त्वाची आहे. आता उरतो तो सहमतीचा मार्ग : खिडकीने ‘थांब’ अशी खूण करावयाची आणि कामाने सोयीच्या टप्प्यावर ती पाहून, हातातले आवरून, थांबावयाचे. हा सोयीचा टप्पा कोणता, हे भाषा सांगू शकत नाही. शंभर पावत्यांची छपाई रद्द झाली तर ती दोन पावत्यांच्या मध्ये थांबावी, एका पावतीच्या मध्यात नव्हे. हा निर्णय विषय जाणणाऱ्याचा आहे आणि म्हणूनच येथे आज्ञावली लिहिणाऱ्यास लेखापालाशी बोलावे लागते.

खिडकी मिटण्याचा प्रसंग याहून अवघड. डॉट नेटमध्ये साधा थ्रेड सुरू केला आणि वापरकर्त्याने खिडकी बंद केली, तर खिडकी जाते पण आज्ञावली राहते. टास्क मॅनेजरमध्ये ती दिसते, विदागाराची जोडणी धरून बसलेली असते आणि आज्ञावली पुन्हा उघडली की ‘फाइल वापरात आहे’ अशी तक्रार येते. यावर थ्रेडला ‘पार्श्वभूमी’चा म्हणून चिन्हांकित करण्याचा उपाय सांगितला जातो. त्याने आज्ञावली बंद होते हे खरे, परंतु थ्रेड जेथे असेल तेथे तोडला जातो. फाइल निम्मी लिहिलेली असेल तर निम्मीच राहते. जावातील स्विंगवर्करचे थ्रेडही याच जातीचे आहेत. पायथनमध्ये साधा थ्रेड उलट वागतो : तो संपेपर्यंत आज्ञावली बाहेर पडत नाही. यांतील कोणतेही वर्तन स्वयंसिद्ध बरोबर नाही. कामाचे स्वरूप पाहून निवड करावयाची आहे आणि ती निवड करणाऱ्यास पर्याय असल्याचे ठाऊक तरी असले पाहिजे. अँड्रॉइडवरील ‘असिंकटास्क’ ही सोय २०२० मध्ये त्याज्य ठरली. तिच्याविरुद्धच्या प्रमुख तक्रारींत, मिटलेल्या खिडकीचा हात ती सोडत नसे, ही एक होती.

प्रात्यक्षिक परीक्षा

या सर्वांचा आपल्या मूल्यमापनाशी संबंध आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत बाह्य परीक्षक ‘आउटपुट आले का?’ असे विचारतात. आउटपुट येते. दहा नोंदींच्या विदागारावर काहीही गोठत नाही, चूक होत नाही, आणि कोणी मध्येच खिडकी बंद करीत नाही. हर्बर्ट शिल्ट यांच्या ग्रंथातील स्विंगची पहिलीच आज्ञावली खिडकीची उभारणी ‘इन्व्होकलेटर’मधून करते आणि तसे का, हेही तेथे सांगितले आहे. आपले विद्यार्थी ती आज्ञावली वहीत उतरविताना नेमक्या त्या ओळी गाळतात, कारण त्या गाळल्या तरी आउटपुट तेच येते आणि गुणही तेवढेच मिळतात. विद्यार्थ्यास दोष देता येणार नाही. परीक्षेने जे मोजले नाही ते त्याने सोडले.

परीक्षेस नवे यंत्र किंवा नवी संगणक-प्रणाली लागत नाही. विदागाराच्या प्रश्नाआधी १५ सेकंद थांबणारी एक ओळ परीक्षकाने घालावी. मग ‘जतन करा’ तीनदा दाबावे आणि नोंदी मोजाव्यात. नंतर विदागार बंद करून पुन्हा जतन करावे आणि खिडकी काय सांगते ते पाहावे. शेवटी काम चालू असताना खिडकीच्या कोपऱ्यातील फुली दाबावी आणि टास्क मॅनेजर उघडावा. एका विद्यार्थ्यामागे चार-पाच मिनिटे जातील. तीस विद्यार्थ्यांच्या तुकडीस अडीच तास जादा लागतील आणि बाह्य परीक्षकांची परतीची गाडी चुकण्याचा संभव आहे, ही अडचण खरी आहे. त्यासाठी तुकडी पंधराची करावी, किंवा ही चाचणी अंतर्गत मूल्यमापनात घ्यावी. अंतर्गत गुण बहुतेक ठिकाणी वहीच्या नीटनेटकेपणावर दिले जातात. त्यांतील पाच गुण इकडे वळविण्यास विद्यापीठाची परवानगी लागू नये.